फुकटचे व्हिडिओ आणि मेसचा चमचा

मित्रांनो, सुरुवातीलाच कबूल करतो. मी डॉक्टर नाही आणि होणारही नाही. बारावीला बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, तेव्हाच तो विषय संपला. मग "हा मेकॅनिकलवाला मेडिकलच्या अभ्यासावर काय अक्कल पाजळतोय?" असं तुम्ही म्हणणार. म्हणा. पण त्याला एक कारण आहे, आणि ते कारण म्हणजे आमच्या मेसचा एक स्टीलचा चमचा.

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. सबमिशनच्या आदली रात्र. सगळं हॉस्टेल जागं होतं. कोणी जर्नल उतरवतोय, कोणी सह्यांसाठी सरांच्या मनधरणीचे प्लॅन करतोय. साधारण दीड वाजता माझा रूममेट खुर्चीवरून धाडकन खाली पडला. हात-पाय ताठ, मग झटके, डोळे वर, तोंडाला फेस. (लेखात नाव टाकू नको, बाकी काय ते लिही, अशी त्याची परवानगी आहे.) दोन मिनिटांत रूममध्ये आठ-दहा जण जमा झाले. एक म्हणाला, चप्पल हुंगवा. दुसरा म्हणाला, कांदा आणा. तिसऱ्याने तर हातात किल्ली कोंबायला सुरुवात केली.

मी पडलो सुशिक्षित! म्हटलं, "अरे काय अंधश्रद्धा लावलीय? थांबा, व्हिडिओ बघू." मोबाईल काढला, शोधलं, पहिलाच व्हिडिओ उघडला. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, आवाज एकदम भारदस्त, बघणारे काही लाख. ते गृहस्थ सांगत होते की जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांमध्ये कापड गुंडाळलेला चमचा ठेवा. कापड शोधायला वेळ कोणाला? मेसमधून ढापलेला चमचा टेबलावर होता, तो तसाच घातला. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय. झटके थोड्या वेळाने थांबले, आपले आपणच. पण तोवर त्याच्या पुढच्या दाताचा टवका उडाला होता, हिरडीतून रक्त येत होतं, आणि आम्हाला वाटत होतं की आम्ही त्याचा जीव वाचवला.

रेक्टर सरांच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. ड्यूटीवर एक मॅडम होत्या. त्यांनी तोंड तपासलं आणि विचारलं, "चमचा कोणी घातला?"

सगळे गप्प. शेवटी मीच म्हणालो, "मॅडम, मी. व्हिडिओमध्ये डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"कोण डॉक्टर?"

इथे माझी विकेट पडली. कोण डॉक्टर? नाव काय, कुठले, कशाचे, मला काहीच माहीत नव्हतं. पांढरा कोट होता एवढंच. आणि पांढरा कोट तर आपण सगळ्यांनी फर्स्ट इयरला केमिस्ट्री लॅबमध्ये घातलेला आहे!

मॅडमनी मग शांतपणे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, कारण कधी कोणाला उपयोगी पडेल सांगता येत नाही. फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. त्याला दाबून धरायचं नाही. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, जमेल तसं कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा लागोपाठ दुसरी आली, तर लगेच १०८. जीभ कोणी गिळत नसतो. दात मात्र तुटतात.

त्या रात्री मी ताईला फोन केला. ताई म्हणजे माझी मामेबहीण, एमबीबीएसच्या फायनल इयरला आहे. मला वाटलं, ती त्या व्हिडिओवाल्याला चार शिव्या घालेल आणि मला जरा बरं वाटेल. तर ती म्हणाली, "अरे, आमचा निम्मा अभ्यास तरी कुठे चाललाय? व्हिडिओवरच ना!"

हे ऐकून माझी झोप उडाली. मी एका रात्रीपुरता डॉक्टर झालो होतो. ताई जन्मभरासाठी होणार आहे.

आता घाई करून "व्हिडिओ वाईट, पुस्तक चांगलं" असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. वक्तृत्व स्पर्धेत टाळ्याही मिळतील. पण ते खरं नाही. ताईनेच मला समजावलं. गर्भात हृदय कसं तयार होतं? आधी एक सरळ नळी असते, ती वळते, दुमडते, मग तिचे कप्पे पडतात. ही वळणारी गोष्ट पुस्तकात तीन स्थिर चित्रांत बघायची, आणि दोन चित्रांच्या मध्ये काय झालं ते आपण मनाने भरायचं. व्हिडिओत ती नळी डोळ्यांसमोर वळते. हृदयाची झडप कधी उघडते, कधी मिटते, आवाज नेमका केव्हा येतो, हे हलत्या चित्राशिवाय डोक्यात शिरणं कठीण. आपलंही तसंच आहे. फोर-बार मेकॅनिझम फळ्यावरच्या आकृतीवरून किती जणांना कळलं होतं? हात वर करा.

शिवाय आमची ताई दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. पहिल्या वर्षी जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडलं की प्रत्येक ओळीला डिक्शनरी. लेक्चर हॉल भरगच्च, शेवटच्या बाकावर आवाज पोचत नाही, आणि शंका विचारायची तर हसं होण्याची भीती. व्हिडिओ मात्र पाच वेळा मागे नेला तरी रागावत नाही! २०२०-२१ मध्ये कोविडने कॉलेजं बंद पडली, डिसेक्शन हॉलला कुलूप लागलं, तेव्हा तर कित्येकांना दुसरा आधारच नव्हता. खान अकॅडमीसारख्या संस्थेने शरीरशास्त्र फुकट शिकवलं, गीकी मेडिक्ससारख्यांनी रुग्ण कसा तपासायचा ते पायरी-पायरीने दाखवलं. आपल्याकडे आयआयटी आणि आयआयएससीने २००३ पासून एनपीटीईएलवर जे काम केलं, त्यावर आपल्या हॉस्टेलमधले कितीतरी बॅकलॉग निघाले आहेत. त्यामुळे फुकट म्हणजे टाकाऊ, असं म्हणायला माझी तरी जीभ धजत नाही. आणि पैसे भरून घेतलेल्या ॲपमधलं सगळं बरोबरच असतं, असंही काही नाही.

शिकाऊ सोडा, शिकलेलेसुद्धा तिथेच जातात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात विद्यार्थी, निवासी डॉक्टर आणि प्राध्यापक यांची एक पाहणी झाली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी तुम्ही व्हिडिओ कुठे बघता, असा प्रश्न होता. सर्वांत जास्त वापर यूट्यूबचा निघाला. म्हणजे प्रश्न "बघावेत की नाही" हा उरलेलाच नाही. लोक बघतात आणि बघणारच. प्रश्न एवढाच की त्यावर किती विसंबायचं आणि कशासाठी.

मग काय खटकतं? पहिली गोष्ट, "जास्त लोकांनी बघितलं म्हणजे चांगलं असणार" हा आपला हिशेब. टपरीवर गर्दी दिसली की चहा चांगला असतो, हे बऱ्याचदा खरं ठरतं, कारण चहा पिणाऱ्याला चव कळते. पण शिकणाऱ्याला चूक कळत नाही, म्हणून तर तो शिकायला आलेला असतो! रियाधच्या किंग सौद विद्यापीठातले सॅमी अझर यांचा २०१२ चा एक अभ्यास आहे. कातडीवरून आतले अवयव कुठे आहेत ते ओळखणं, म्हणजे सरफेस ॲनाटॉमी, या विषयावरचे २३५ व्हिडिओ पाहिले गेले. त्यातले ५७ विषयाशी संबंधित निघाले, आणि त्या ५७ पैकी शिकायला खरोखर उपयोगी फक्त १५. गंमत पुढे आहे. या ५७ व्हिडिओंना मिळून जे दहा लाखांवर प्रेक्षक मिळाले होते, त्यातले निम्म्याहून जास्त निरुपयोगी व्हिडिओंकडे गेलेले होते.

त्याआधी २००७ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी लसीकरणावरचे १५३ व्हिडिओ तपासले होते. त्यात लसीच्या विरोधातले ३२ टक्के होते, आणि विरोधातल्या व्हिडिओंना बघणारे जास्त होते. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण इंटरनेटच्या आधीची आहे, पण लागू इथेच जास्त पडते.

दुसरी गोष्ट तारखेची. हा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. आपल्याकडे बर्नूलीचं समीकरण अठराव्या शतकातलं आहे, ते पुढच्या वर्षी बदलणार नाही. मेडिकलमध्ये तसं नसतं. सीपीआरचंच घ्या, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबतात ते. २००५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नियमांत ३० दाब आणि २ श्वास हे प्रमाण आलं. २०१० मध्ये क्रमच बदलला. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छाती, असं शिकवत होते. त्याऐवजी सगळ्यांत आधी छाती दाबायला लागा, असं ठरलं. २०१५ मध्ये वेग मिनिटाला १०० ते १२० आणि मोठ्या माणसात खोली ५ ते ६ सेंटिमीटर अशी वरची मर्यादाही आली. घशात घास अडकलेल्या मोठ्या माणसाला आधी नुसते पोटावर झटके द्या असं शिकवत. २०२५ च्या नियमांत पाठीवर पाच थापट्या आणि मग पोटावर पाच झटके, असं आलं.

आता यूट्यूब सुरू झालं २००५ मध्ये. म्हणजे २००८ साली एखाद्या अगदी प्रामाणिक, हुशार डॉक्टरांनी केलेला व्हिडिओ त्या दिवशी शंभर टक्के बरोबर असेल आणि आज जुना असेल. खोटेपणा कोणाचाच नाही. पण व्हिडिओ स्वतःहून म्हातारा दिसत नाही ना! पुस्तक पिवळं पडतं, त्यावर आवृत्ती छापलेली असते, लायब्ररीयन काका जुनी आवृत्ती मागच्या कपाटात टाकतात. व्हिडिओचा मात्र एक तुकडा कापून कोणीतरी व्हॉट्सॲपवर टाकतो, तारीख जाते, नाव जातं, आणि तो पुन्हा ताजातवाना होऊन ग्रुपवर फिरायला लागतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि ती आपल्याच भाषेत सांगता येते. कंट्रोल सिस्टिममध्ये आपण ओपन लूप आणि क्लोज्ड लूप शिकलो. ओपन लूपमध्ये यंत्र हुकूम सोडतं, पण झालं की नाही हे बघत नाही. क्लोज्ड लूपमध्ये फीडबॅक असतो, चूक मोजली जाते, सुधारली जाते. व्हिडिओ हा ओपन लूप आहे. तो सांगतो, पण आपण काय समजलो हे त्याला दिसत नाही. आपण चुकलो तर तो थांबवत नाही.

यावर ताईने तिचा स्वतःचा किस्सा सांगितला. पोट तपासायला ती व्हिडिओ बघून शिकली. स्प्लीन, म्हणजे प्लीहा, डावीकडे बरगड्यांखाली असते. व्हिडिओत तपासणाऱ्याने हात थेट तिथेच ठेवला होता, कारण व्हिडिओ चार मिनिटांचा होता आणि तेवढ्यात सगळं पोट उरकायचं होतं. वॉर्डमध्ये ताईनेही तसंच केलं आणि आत्मविश्वासाने सांगितलं, "सर, स्प्लीन लागत नाही." सरांनी काही न बोलता तिचा हात धरला आणि पेशंटच्या बेंबीच्या खाली, उजव्या बाजूला नेऊन ठेवला. तिथून हळूहळू वर, डाव्या बरगडीच्या दिशेने सरकवला. वाटेतच बोटांना कडा लागली. स्प्लीन एवढी वाढलेली होती की ताईचा हात आधी तिच्यावरच होता! कडा खाली राहिली आणि हिला पोट नेहमीसारखं वाटलं. म्हणून पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं की सुरुवात उजवीकडून, खालून करा.

"तो पेशंट माझ्याकडे बघून हसला रे," ताई म्हणाली, "त्याला वाटलं मी नवीन आहे. पण सर नसते तर मी कागदावर 'नॉर्मल' लिहिलं असतं."

मित्रांनो, हे "नॉर्मल" मला त्या चमच्यापेक्षा भयंकर वाटतं. चमच्याने दात तुटला, तो दिसला तरी. हे दिसलंच नसतं.

आपण चुकतो तेव्हा काय होतं? मी एका व्हिडिओत बघितलं होतं की विमानाच्या पंखावरून जाणारी आणि खालून जाणारी हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचते, म्हणून वरची जोरात धावते, म्हणून विमान उडतं. व्हायवाला मी हे ठणकावून सांगितलं. एक्स्टर्नल सर म्हणाले, "एकाच वेळी पोचायचं असं त्या हवेनं ठरवलंय का?" आणि हसले. हे स्पष्टीकरण साफ चूक आहे, तरीही ते वर्षानुवर्षं फिरतंय. पण माझं नुकसान किती? दोन मार्क. प्रोग्रॅम चुकला तर कंपायलर लाल अक्षरात ओरडतो. गियर चुकीचा कापला तर बसतच नाही. आपल्याला चूक कळवणारा कोणीतरी जवळ असतो. शरीर मात्र कधी लगेच सांगतं, कधी सहा महिन्यांनी, आणि तेव्हा ते कोणत्या चुकीबद्दल बोलतंय हे शोधणंसुद्धा अवघड होऊन बसतं.

चमच्याच्या प्रकरणानंतर रेक्टर सरांनी एका मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना हॉस्टेलवर बोलावलं. ते रबरी पुतळा घेऊन आले. मी तोपर्यंत पश्चात्तापाने पेटून सीपीआरचे किमान पंधरा व्हिडिओ बघून टाकले होते, तेही तारखा बघून, चांगल्या संस्थांचे. म्हणून पहिला हात माझाच वर. दाबायला सुरुवात केली आणि सरांनी लगेच पाठीवर हात ठेवला. "कोपर वाकतंय." सरळ केलं. "आता वर येताना छाती पूर्ण मोकळी सोड, टेकून राहू नकोस." सोडली. "वेग जास्त होतोय, पळायचं नाहीये." एक मिनिट झाला आणि मला घाम फुटला. पुतळ्यावरचा दिवा सांगत होता की माझे बरेचसे दाब पुरेसे खोल गेलेलेच नाहीत. या सगळ्या गोष्टी मला तोंडपाठ होत्या बरं का! पंधरापैकी प्रत्येक व्हिडिओत सांगितलेल्या होत्या. पण माझं कोपर वाकतंय, हे त्या पंधरांपैकी एकालाही दिसत नव्हतं.

याला पुरावाही आहे. मायकेल कार्दास आणि एड ओ'ब्रायन या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. डार्ट कसा मारायचा, मूनवॉक कसा करायचा, याचे व्हिडिओ काही जणांना एकदा दाखवले आणि काही जणांना वीस वेळा. वीस वेळा बघणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला, पण प्रत्यक्षात करून दाखवताना ते एकदाच बघणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. म्हणजे बघण्याने कौशल्य वाढलं नाही, नुसता भरवसा वाढला. आणि डॉक्टरकडे कौशल्याशिवायचा भरवसा असणं ही किती महागात पडणारी गोष्ट आहे, ते सांगायला नको.

आता काही जण म्हणतील, "पुस्तकं तरी कुठे देवाने लिहिलीत? त्यातही चुका असतात. आणि काही प्राध्यापक तर तीस वर्षांपूर्वीच्या नोट्स वाचून दाखवतात!" मान्य. हा मुद्दा माझ्या रूममेटनेच काढला होता, आणि तो काही चुकीचा नाही. पण फरक कुठे आहे बघा. पुस्तकावर नाव असतं, आवृत्ती असते, साल असतं. चूक सापडली तर ती कोणाची आणि कधीची हे ठरवता येतं, पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त होते. म्हणजे पुस्तक चुकत नाही असं नाही. ते चुकलं तर त्याला पकडता येतं. ज्या व्हिडिओवर नाव आहे, संस्था आहे, तारीख आहे, कशाच्या आधारावर बोलतोय ते सांगितलेलं आहे, त्यालाही मी पुस्तकाच्याच रांगेत बसवीन. फुकट आहे की विकत, याच्याशी संबंध नाही.

यूट्यूबनेही २०२१ पासून आरोग्याच्या व्हिडिओंखाली तो कोणत्या संस्थेकडून आला हे सांगणारी पट्टी दाखवायला सुरुवात केली. चांगली गोष्ट आहे. पण ती पट्टी संस्थेची ओळख सांगते, त्यातलं प्रत्येक वाक्य आजही बरोबर आहे याची हमी देत नाही. आपल्या मार्कशीटवर विद्यापीठाचं नाव असतं, म्हणून आपल्याला सगळं येतं का?

ताईने त्या स्प्लीनच्या प्रसंगानंतर एक सवय लावून घेतली आहे, ती मला फार आवडली. तिने एक साधी दोनशे पानी वही केली आहे. व्हिडिओ बघितला की त्यात चार गोष्टी लिहायच्या. कोणी केला, कधी केला, कशाच्या आधारावर सांगतो, आणि आपल्या पुस्तकाशी कुठे जुळत नाही. जुळत नाही ते लाल पेनाने. आठवड्यातून एकदा ती लाल यादी घेऊन सरांकडे किंवा एखाद्या निवासी डॉक्टरकडे जायचं. तिचं म्हणणं असं की यातल्या बऱ्याच ठिकाणी पुस्तक बरोबर निघतं, काही ठिकाणी व्हिडिओ नवा आणि पुस्तक जुनं निघतं, आणि क्वचित सर म्हणतात, "थांब, मलाही बघावं लागेल." तो तिसरा दिवस तिला सगळ्यांत जास्त आवडतो. आणि हाताचं काम? ते आधी व्हिडिओत बघायचं, पण "मला येतं" असं कोणीतरी शेजारी उभं राहून बघितल्याशिवाय म्हणायचं नाही. लूप बंद करायचा.

माझं मत विचाराल तर एवढंच आहे. समजून घ्यायला व्हिडिओ, खात्री करायला पुस्तक, आणि हात तयार करायला माणूस. तिघांपैकी एकाने दुसऱ्याचं काम करायला घेतलं की चमचा तोंडात जातो.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो थेट आपल्यासाठी आहे, विशेषतः कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांसाठी. त्या रात्री मी शोधलं तेव्हा तोच व्हिडिओ पहिला का आला? कोणा डॉक्टरने तो पहिला ठेवला नव्हता. तो एका प्रोग्रॅमने ठेवला होता, आणि तो प्रोग्रॅम आपल्यासारख्याच कोणी इंजिनीअरने लिहिलेला असणार. २०१२ मध्ये यूट्यूबने नुसत्या क्लिकऐवजी लोक किती वेळ बघत राहतात याला महत्त्व द्यायला सुरुवात केली. ठीक आहे, पण कोणी किती वेळ बघत राहिलं यावरून ते बरोबर आहे की नाही हे कसं कळणार? उद्या आपल्यातलाच कोणी अशा कंपनीत बसेल आणि अशाच यादीचा क्रम ठरवेल. त्या यादीच्या दुसऱ्या टोकाला एखादी ताई असेल, परीक्षेच्या आदल्या रात्री, घाईत. तिला आधी काय दिसावं, हा प्रश्न तेव्हा तरी डोक्यात यावा, एवढीच इच्छा. बाकी पॅकेजच्या शुभेच्छा आहेतच.

तोवर आपल्या हातात जे आहे ते केलंय. फिट आल्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही, याचा एक पानी मराठी कागद त्या डॉक्टरांकडून तपासून घेऊन हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर लावला आहे. खाली त्यांची सही आहे आणि तारीखही. पुढच्या वर्षीच्या सेक्रेटरीने तो त्यांच्याकडून पुन्हा तपासून घ्यावा आणि तारीख बदलावी, अशी विनंती. नुसती तारीख बदलू नये!

रूममेट आता व्यवस्थित आहे. गोळ्या वेळेवर घेतो, जागरणं कमी केली आहेत, आणि टवका उडालेला दात बसवून घेतला आहे. त्याचं बिल मी भरावं असं त्याचं म्हणणं आहे, चर्चा चालू आहे. चमचा मात्र त्याने परत केलेला नाही. माझ्या टेबलासमोर भिंतीवर टांगून ठेवला आहे. मी मोबाईलवर काही शोधायला लागलो की नुसता त्याच्याकडे बोट दाखवतो.

बघा, पटतंय का. नाही पटलं तर रूमवर या, वाद घालू. चहा तुमच्याकडून.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी